दोन मिली हवा

मीटरवाल्याला अतिदक्षता विभागात आणलं तेव्हा त्याचे पाय गेलेले होते आणि हात जायच्या बेतात होते. चार दिवसांपूर्वी एका इमारतीचा जिना चढताना त्याची चप्पल पायातून निसटली, आणि दोन पायऱ्या वर जाऊन खाली बघेपर्यंत त्याला ते कळलंच नाही. तिथून लुळेपणा रोज वीतभर वर सरकत आला. आता तो छातीशी पोचला होता.

वय सव्वीस. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे आणि आकडे वहीत उतरवायचे, हे त्याचं काम.

"मला बघितलं की लोकांची तोंडं अशी होतात, जणू त्यांची सगळी वीज मीच पिऊन बसलोय," तो सिस्टरना म्हणाला. एवढं बोलायला त्याला मध्ये तीनदा थांबावं लागलं. सिस्टर हसल्या आणि हसता हसताच त्यांनी मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. ते तीनदा थांबणं त्यांना बरं वाटलं नव्हतं.

सिस्टर या विभागात चौदा वर्षं होत्या. सहा खाटा आणि दोन श्वासयंत्रं. त्यांतलं एक चालू, दुसरं पहिल्याला सुटे भाग पुरवण्यासाठी उघडून ठेवलेलं. तासाभरात मीटरवाल्याच्या तोंडातून श्वासनळीत नळी गेली आणि चालू यंत्र त्याच्या छातीत हवा भरू लागलं.

त्याची आई मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. वडील तो लहान असतानाच गेलेले, घरात मायलेक दोघंच. सकाळचा स्वयंपाक उरकून ती दुपारी यायची आणि बाहेरच्या बाकावर पदर सावरून बसायची. सिस्टर तिला काकू म्हणू लागल्या.

"शुद्धीत आहे का तो?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"पूर्ण शुद्धीत आहे, काकू. फक्त हलता येत नाही. तुम्ही बोला त्याच्याशी, त्याला सगळं ऐकू येतं."

"काय बोलू?"

"घरचं काहीही."

मग ती त्याला सांगू लागली, की आज किती मुली जेवल्या, कुणी पानात टाकलं, नळाला पाणी किती वाजता आलं. तो पापण्या मिटून उत्तर द्यायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही खूण सिस्टरनीच ठरवून दिली होती.

त्या नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. नळी आत गेली की सिरिंजने त्यात हवा भरायची. तो श्वासनळीच्या भिंतींना टेकतो, म्हणजे यंत्राची हवा कडेने निसटत नाही आणि तोंडातली लाळ फुप्फुसात उतरत नाही. सैल राहिला तर माणसाला श्वास पुरत नाही, फार घट्ट झाला तर आतली भिंत दबते. त्याचा दाब मोजायचं एक घड्याळासारखं यंत्र असतं. या विभागातलं दोन वर्षांपूर्वी पडून फुटलं होतं. नव्यासाठी सिस्टरनी तीन अर्ज केले, तिन्ही 'पाहिले' असा शेरा घेऊन परत आले. तेव्हापासून सगळ्याजणी बोटांवर भागवत होत्या. नळीच्या बाहेरच्या टोकालाही तसाच एक इवलासा फुगा असतो, तो चिमटीत दाबून बघायचा. कानाच्या पाळीइतका मऊ लागला की ठीक.

दहाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आईला आत बोलावलं. तोंडातली नळी इतके दिवस ठेवणं चांगलं नाही, गळ्याला खालून एक भोक पाडून तिथून श्वास देऊ, असं ते म्हणाले.

"गळा नका कापू त्याचा," आई म्हणाली.

"कापायचा नाही हो, छोटं भोक. नंतर बुजतं."

"मला एवढंच कळतं, डॉक्टर. गळा नका कापू."

सिस्टर तिथेच उभ्या होत्या. असे कितीतरी गळे त्यांनी पाहिले होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईनं त्यांच्याकडे पाहिलंही. पण त्या सकाळी मीटरवाल्याच्या उजव्या हाताचं एक बोट हललं होतं, म्हणजे लुळेपणा उतरणीला लागला होता. चार दिवसांत नळीच निघेल, उगाच बिचारीच्या जिवाला घोर कशाला, असं सिस्टरना वाटलं. त्या काही बोलल्या नाहीत.

बाराव्या दिवशी दुपारी यंत्र ओरडायला लागलं. मीटरवाल्याच्या घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता आणि रक्तातला ऑक्सिजन भराभर उतरत होता. नळीच्या कडेने हवा गळत होती. सिस्टर धावत गेल्या. खरं तर नळी थोडी वर सरकली असेल, ती बघून नीट बसवायला हवी होती. पण त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचं हृदय बंद पडलं होतं आणि डॉक्टर तिथे छाती दाबत होते. सिस्टरनी सिरिंज घेतली आणि फुग्यात आधी आठ मिली हवा होती, तिच्यात आणखी दोन मिली भरली. गळती थांबली. ऑक्सिजन चढला. मीटरवाल्याचा चेहरा काळानिळा झाला होता, तो पुन्हा माणसात आला. सिस्टरनी बाहेरचा फुगा चिमटीत धरला. तो कानाच्या पाळीसारखा मऊ नव्हता, नाकाच्या शेंड्यासारखा लागत होता. सैल राहण्यापेक्षा घट्ट बरा, असं मनाशी म्हणत त्या पलीकडच्या खाटेकडे वळल्या.

पाळी संपताना त्यांनी वहीत लिहिलं: 'खाट चार. हवा गळते. फुगा दहा मिलीच ठेवणे.' पुढच्या पाळीच्या सिस्टरनी ते वाचलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या पुढच्यांनीही. विभागातल्या सर्वांत जुन्या सिस्टरच्या अक्षरात लिहिलेलं कोण मोडणार. सात दिवस फुगा दहा मिलीच राहिला.

एकोणिसाव्या दिवशी नळी निघाली. एक्केचाळिसाव्या दिवशी मीटरवाला काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी, दारातून बाहेर पडला. सगळा विभाग दाराशी गोळा झाला होता. आईनं सिस्टरचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्याचा आवाज जरा घोगरा येत होता. "नळीमुळे आहे, आठवड्याभरात सुटेल," सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी आपल्या मुलीला ती सगळी हकिकत सांगितली. असं सांगण्यासारखं त्यांच्याकडे वर्षातून एखाद्याच वेळी असायचं.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी सिस्टर औषधांची पेटी घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या बोळातून चालल्या होत्या. रांगेतून एक आवाज आला. कुणीतरी दारूची बाटली तोंडाशी धरून शीळ घालावी तसा, पण श्वास आत घेताना. सिस्टर जागच्या जागी थांबल्या. तो आवाज कशाचा हे त्यांना वळून बघायच्या आधीच कळलं होतं. तो कुणाचा, हे मात्र वळल्यावर कळलं.

मीटरवाला बाकाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होता. शेजारी आई. तिच्या हातात दम्याच्या फवाऱ्याची डबी होती.

"दमा झालाय म्हणे," आई म्हणाली. "महिना झाला हे ओढतोय. आधी जिने चढताना लागायचं. आता बसल्या जागीही."

"कुणी सांगितलं दमा?"

"आमच्याकडच्या दवाखान्यात. दोघांनी सांगितलं."

सिस्टरनी पेटी तिथेच बाकावर ठेवली आणि मीटरवाल्याला दंडाला धरून उठवलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर या रुग्णालयात आठवड्यातून एकदाच, मंगळवारी येत. सगळे त्यांना मंगळवारचे डॉक्टर म्हणत. उंच, पाठीत वाकलेले, मोजकं बोलणारे. सिस्टर रांग मोडून सरळ आत शिरल्या. त्यांनी असं कधी केलं नव्हतं, म्हणून डॉक्टरही काही बोलले नाहीत. त्यांनी आपली जुनी दुर्बीण काढली, घशात औषध मारलं आणि आत पाहिलं. मग दुर्बीण सिस्टरच्या हातात दिली.

श्वासनळी असायला हवी तिथे पांढऱ्या, चकचकीत वणाचं एक कडं होतं. मध्ये एक भोक. बॉलपेनची रिफिल कशीबशी जाईल एवढं. त्या भोकातून हा सव्वीस वर्षांचा माणूस जिने चढत होता.

"किती दिवस होती नळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणीस."

"फुगा?"

"शेवटचे सात दिवस दहा मिली."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून, पाठमोरेच, ते आईला समजावू लागले. आत फुग्यानं भिंत दाबली गेली, तिथे रक्त पोचलं नाही, जखम झाली. जखम भरली, पण भरताना आवळत गेली. आणखी आवळेल. थोडी सर्दी झाली, चिकट बेडका आला, तरी हे भोक बंद होईल. आता थांबता येणार नाही.

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे गळ्याला भोक. आज."

या वेळी आई नाही म्हणाली नाही. तिनं दम्याची डबी टेबलावर ठेवली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

दुपारी दोन वाजता, नुसती जागा बधिर करून, मीटरवाल्याच्या गळ्यात खालच्या बाजूला नळी बसवली. सिस्टरनी त्याचं डोकं धरलं होतं. नळी बसली आणि पहिला पुरा श्वास आत गेला, तेव्हा त्याचे डोळे आपोआप मिटले. महिन्याभरानं त्याला हवा पोटभर मिळाली होती. आवाज मात्र त्याच वेळी गेला. हवा आता गळ्यातूनच आत-बाहेर करत होती, वर कंठापर्यंत पोचतच नव्हती.

कायमचा इलाज होता. आवळलेला तुकडा कापून काढायचा आणि दोन टोकं जोडायची. ते मोठ्या शहरातल्या रुग्णालयात होत असे, अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. मायलेक जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, जमेल म्हणाले, आणि सात महिन्यांनंतरची तारीख दिली. त्यांच्याकडे असे पन्नासएक जण आधीच थांबलेले होते.

"तोवर आपण वाट मोकळी ठेवायचा प्रयत्न करू," मंगळवारचे डॉक्टर म्हणाले. त्यासाठी लागणाऱ्या चढत्या मापाच्या सळया रुग्णालयात नव्हत्या. डॉक्टरांनी लहान मुलांच्या श्वासाच्या नळ्या मापाप्रमाणे ओळीनं लावल्या. भूल देऊन एकेक नळी त्या कड्यातून हलक्या हातानं सारायची, ती गेली की पुढच्या मापाची. रिफिलपासून सुरू करून करंगळीपर्यंत पोचायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा. कारण वण आपला धर्म सोडत नाही, तो पुन्हा आवळतोच.

पहिल्या वेळी मीटरवाला शुद्धीवर आला तेव्हा सिस्टरनी त्याला गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. "आता बोलून बघ."

त्यानं बोट ठेवलं. आधी नुसती हवा आली. मग खरखरीत, पण त्याचाच आवाज आला. "आई, चहा."

आई खुर्चीवर बसली होती, ती उठून चहा आणायला निघाली आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा येऊन बसली. चहा सिस्टरनी आणला.

आवाज नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी गेला. दुसऱ्या वेळी अकरा दिवस, तिसऱ्या वेळी आठ. आवाज नसायचा तेव्हा मीटरवाला लिहून बोलायचा. मीटरच्या जुन्या पावत्यांची कोरी बाजू त्याला पुरून उरली होती.

सिस्टर आठवड्यातून दोनदा पाळी संपल्यावर त्यांच्या घरी जाऊ लागल्या. गळ्यातली नळी साधी होती. आतली काढून धुता येईल अशी दुहेरी नळी कोठारात नव्हती. त्यामुळे आतला बेडका ओढून काढत राहणं हाच उपाय. वीज गेली तर काय, म्हणून सिस्टरनी अडगळीतून पायानं चालवायचा एक ओढपंप शोधला, त्याचं रबर बदलून घेतलं आणि आईला शिकवलं. हात धुवायचे, नळीत मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, बारीक नळी आत सोडायची, बाहेर काढताना ओढायचं, मनात दहा म्हणायच्या आत संपवायचं. आई चटकन शिकली. आयुष्यभर गरम पातेल्यांशी खेळलेले हात होते ते, कापत नव्हते.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून," आई एकदा म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून तिनं चहाचा कप पुढे केला. सिस्टरनी तो चहा थंड होऊ दिला.

मीटरवाला कामावर परत गेला. कार्यालयानं त्याला बैठं काम देऊ केलं होतं, पण त्यानं नाकारलं. गळ्याला पातळ रुमाल बांधून तो पुन्हा जिने चढू लागला. 'लोक आता वाद घालत नाहीत,' त्यानं सिस्टरना लिहून दाखवलं. 'मी उलट बोलतच नाही म्हटल्यावर त्यांचा हिरमोड होतो.'

पाचव्या वेळी वाट रुंद करून झाल्यावर सिस्टर एका दुपारी वसतिगृहात गेल्या. स्वयंपाकघर रिकामं होतं. आई जमिनीवर बसून बटाटे सोलत होती, शेजारी सालांचा ढीग. सिस्टरही खाली बसल्या.

"काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं."

आईनं मान वर केली नाही. "बोला की."

सिस्टरनी सांगितलं. ती दुपार, पलीकडची खाट, दोन मिली हवा, वहीतली ओळ, सात दिवस. कुठेही स्वतःला सोडवून घेतलं नाही. यंत्र फुटलं होतं हेही सांगितलं, पण सगळ्यात शेवटी.

आईच्या हातातली सुरी चालायची थांबली होती. ती म्हणाली, "मी गळ्याला भोक नको म्हणाले होते. इतके दिवस वाटत होतं, माझ्यामुळे झालं."

"ते केलं असतं तर कदाचित टळलं असतं. पण तुम्हाला नीट समजावून सांगणं माझं काम होतं. मी गप्प बसले."

"तुम्ही आमच्या घरी येत होता. ते यासाठी?"

"आधी यासाठी. नंतर नुसतं यावंसं वाटायचं म्हणून."

आईनं पुन्हा सुरी चालवायला घेतली. एक बटाटा पुरा सोलून तिनं पाण्यात टाकला. "यापुढे येऊ नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. सिस्टर उठल्या आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या.

दोन आठवड्यांनी मीटरवाला नळी बदलून घ्यायला एकटाच विभागात आला. सिस्टरनी नळी बदलली, नवी फीत बांधली. दोघंही एकमेकांकडे बघणं टाळत होते. मग त्यानं खिशातून पावती काढली.

'आईनं सांगितलं.'

"हं," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं पुन्हा लिहिलं. 'त्या दुपारी मी शुद्धीत होतो. मला दिसत होतं. तुम्ही हवा भरली नसती तर मी तेव्हाच गेलो असतो.' मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ. 'आणि तुम्ही नंतर काढायला विसरलात. दोन्ही खरं.'

त्यानं पावती उलटी केली, पण ती बाजू छापील होती, म्हणून समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'आईला वेळ द्या. मलाही तिच्यापुढे तुमचं नाव काढायची चोरी झालीय.' जाताना त्यानं ती पावती नेली नाही.

ऑपरेशनच्या तारखेला नऊ आठवडे उरले होते. त्या दिवसांत हवा फार कोरडी होती, ओठ फुटत होते. एका बुधवारी दुपारी सव्वाबाराला खालच्या तात्काळ विभागातून सिस्टरना फोन आला. "गळ्यात नळी असलेला तुमचा एक माणूस आलाय. लवकर या." त्या जिन्यावरून अक्षरशः उतरल्या की पडल्या, हे त्यांना नंतर आठवलं नाही.

मीटरवाला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मीटर वाचत होता. नळीत बेडका सुकून घट्ट झाला होता. तो खोकला, त्यानं थेंब टाकायला खिशातली बाटली काढली, ती हातातून पडून फुटली. समोरच्या दारातल्या बाईंना वाटलं त्याला ठसका लागला. त्यांनी त्याला बसवलं, पाणी पाजायचा प्रयत्न केला, पाठीवर थापटलं, वारा घातला. तो गळ्याकडे बोट दाखवत होता. बाईंनी रुमाल सैल केला, आणि आतली नळी बघून त्यांचा हात पुढे होईना. ती ओढून काढली असती तर त्या भोकातून त्याला श्वास घेता आला असता. पण ते त्यांना कोण सांगणार. तो तर बोलू शकत नव्हता.

सिस्टरनी नळी उपटून काढली. टोकाला पिवळट, वाळलेला बोळा होता, बुचासारखा बसलेला. त्यांनी नवी नळी घातली, हवा दिली, छाती दाबली. चाळीस मिनिटं. खालच्या डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तरी त्या थांबल्या नाहीत. मग आई आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं सिस्टरकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुरे. आता त्याला दुखवू नका." तेव्हा सिस्टर थांबल्या.

त्या आठवड्यात सिस्टरनी अधीक्षकांना सहा पानी अहवाल लिहिला. फुग्याचं, यंत्राचं, परत आलेल्या अर्जांचं, दुहेरी नळ्या नसल्याचं, आणि वहीतल्या स्वतःच्या ओळीचं. खाली नाव, हुद्दा, सही. चौकशीला दोन जण आले. त्यांनी सिस्टरना लेखी समज दिली आणि ती त्यांच्या फायलीत लावली. महिनाभरानं दाब मोजायचं नवं यंत्र आलं. सिस्टरनी पोच लिहून दिली, ते खिळ्याला टांगलं, आणि दर पाळीला दोनदा दाब लिहायचा असा रकाना तक्त्यात आखला. त्यातून त्यांना समाधान मिळालं असं म्हणता येणार नाही. रकाना भरला जातो की नाही, एवढंच त्या बघायच्या.

दोन महिन्यांनी आई विभागाच्या दाराशी उभी होती. पिशवीत पायानं चालवायचा ओढपंप होता, घासून लख्ख केलेला.

"रुग्णालयाचा आहे. म्हटलं, कुणाला तरी लागेल."

सिस्टरनी तो घेतला. आई जायला निघाली नाही. बाहेरच्या बाकावर बसली, पूर्वी बसायची तशीच. सिस्टरही शेजारी बसल्या.

"तुम्ही मला सांगितलंत कशाला?" आई म्हणाली.

"न सांगता तुमच्याकडे चहा पिणं जमत नव्हतं."

"तुमचं मन मोकळं झालं. माझं काय झालं, बघितलंत? तुम्ही सांगितलं नसतं, तर तो गेल्यावर मी रडायला तुमच्याकडेच आले असते. मला दुसरं आहे कोण?"

सिस्टरनी मांडीवरचा पंप बाकाखाली ठेवला.

"अजून राग आहे माझा," आई म्हणाली. "जाईल असं वाटत नाही."

"नका घालवू."

"पण त्याला ओळखणारं माणूसही तुम्हीच." तिनं पदरानं नाक पुसलं. "रविवारी सुट्टी असते का?"

रविवारी सिस्टर गेल्या. आईनं पत्र्याचा एक डबा समोर ठेवला. आत पावत्या होत्या, शेकड्यांनी. आवाज नसलेल्या दिवसांत तो घरात जे जे बोलला ते सगळं. आईनं एकही फेकली नव्हती.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली. "मला वाचता येतं, पण माझ्याच तोंडून ऐकवत नाही."

सिस्टरनी पहिली उचलली. "'मीठ कमी आहे.'"

"मी विचारलं होतं, आमटी कशी झालीय."

"'सातला. दार लोटून घे.'"

"किती वाजता येशील, म्हणून विचारलं होतं."

"'नाही, नाही, नाही.'"

आई किंचित हसली. "मी म्हटलं होतं, लग्नाचं बघू का."

असं बराच वेळ चाललं. सिस्टर त्याचं बोलणं वाचत होत्या आणि आई तिचं बोलणं आठवून सांगत होती. काही पावत्यांना तिला आपलं वाक्य आठवेना. त्या तिनं बाजूला ठेवल्या, आठवेल कधीतरी म्हणून. डबा पाव भागही रिकामा झाला नव्हता तेव्हा बाहेर दिवे लागले. सिस्टर उठल्या, चपला घातल्या.

"पुढच्या रविवारी माझी पाळी आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या रविवारी येऊ?"

आईनं डब्याचं झाकण लावलं. "या," ती म्हणाली, आणि दिवा घेऊन जिन्याच्या वळणापर्यंत त्यांना सोडायला आली.